जायचं, यायचं, चहा आणि चूक

इस्माईलचाचा बाजारात जात नसत. ते किनाऱ्यावर जात. मासळी आणायची असो, दाढी करायची असो, नाहीतर विजेचं बिल भरायचं असो, फाटकाशी उभं राहून आत ओरडायचे, "किनाऱ्यावर जाऊन येतो गो!" आतून चाची म्हणायच्या, "किती वाजता सुटतं जहाज?" "बारा वाजता." मग चाचा साडेअकराला परत. अर्धा तास आधी जहाजावर पाय नसेल तर तो माणूस गेला असं धरायचं, हा त्यांचा नियम होता. आम्ही १९९९ साली रत्नागिरीत त्यांच्या शेजारचं घर घेतलं, तेव्हा हा नवराबायकोचा जुना विनोद असेल असं मला वाटलं. विनोदाचा भाग त्यात थोडा होता. बाकीचा मला तीन वर्षांनी कळला.

चाचांनी सत्तावीस वर्षं परदेशी प्रवासी जहाजांवर केबिन स्टुअर्ड म्हणून काढली होती. वीस केबिन त्यांच्याकडे. बिछाने घालायचे, टॉवेल बदलायचे, आणि रात्री दाराखालून दुसऱ्या दिवशीचा कागद सरकवायचा. उद्या कुठलं बंदर, किती वाजता उतरायचं, किती वाजता परत यायचं, गावात जायला बस कुठली, टॅक्सीला साधारण काय पडेल, डॉलरचा भाव काय, हे सगळं त्या कागदावर छापलेलं असे. तरी सकाळी टोप्या घालून तयार झालेली माणसं दारात उभी राहून चाचांनाच विचारत, आज इथले पैसे किती न्यायचे बरोबर? छापील कागदापेक्षा टॉवेल आणून देणाऱ्या माणसावर विश्वास जास्त. चाचा म्हणत, "कप्तानाला कुणी विचारीत नसे. कप्तान सांगणार, कार्ड न्या. त्याला काय माहीत, संडासाच्या दारात बाई वाटी घेऊन बसलेली असते?"

मी एका सरकारी कचेरीत लेखा शाखेत होतो. ऑडिटर नव्हतो, पण चाचांनी पहिल्याच आठवड्यात मला 'ऑडिटरसाहेब' केलं आणि शेवटपर्यंत बदललं नाही. आमची खरी ओळख झाली ती आम्ही वेळणेश्वरला निघालो त्या सकाळी. मी, ही आणि दोन मुली. चाचा फाटकावर कोपरं टेकून उभे होते.

"कुठं किनाऱ्यावर?"

"वेळणेश्वरला. देवाला."

"किती घेतलेत?"

मी माझा पगार मेव्हण्यालाही सांगत नाही. पण त्यांच्या विचारण्यात असं काही होतं की मी सांगून टाकलं, "पाचशे."

"पाचशे कशासाठी?"

"असावेत म्हणून."

"असावेत म्हणून नेलेले असत नायत. खर्च होतात." मग त्यांनी चार बोटं वर केली. "जायचं भाडं, यायचं भाडं, माणशी एक चहा, आणि एक चूक. चार खाती. यायचं भाडं वेगळ्या खिशात, त्याला हात लावायचा नाय, देव स्वतः समोर येऊन मागू लागला तरी. बाकीचे घरी ठेवा."

"आणि चूक किती धरायची?"

"पन्नास."

"पन्नासच का?"

"पन्नासच," चाचा म्हणाले आणि फाटक उघडून आमच्या वाटेतून बाजूला झाले.

आकडा कुठून आला हे विचारण्याची मला सवय आहे, पण गाडी चुकली असती. त्या दिवशी धाकटीची एक चप्पल लाटेने नेली. गुहागरला गाडी बदलताना नवीन घ्यावी लागली, पंचेचाळीस रुपयांची. घरी आलो तर चाचा तिथेच.

"झाली चूक?"

"झाली. पंचेचाळीस."

"पाच उरले," ते म्हणाले. ताळा जमल्यावर आमचे हेडक्लार्क मान हलवायचे, तशी मान हलवून आत गेले.

पुढे त्यांच्या ओट्यावर संध्याकाळचा चहा हा माझा नेम झाला. चाचा उंच, वाळलेले, आणि बसले तरी पाय जुळवून, कुणी हाक मारली तर लगेच उठायला बरं असे बसलेले. चहाचा कप दोन्ही हातांनी द्यायचे आणि कपाचा कान घेणाऱ्याकडे करायचे, जहाजावर दिला असेल तसा. समुद्राच्या गोष्टी त्यांनी कधी सांगितल्या नाहीत. वादळ वगैरे विचारलं तर म्हणायचे, "खालच्या मजल्यावर वादळ कसलं, नुसती ओकारी." सांगायचे ते पैशाच्या गोष्टी. एका बाईने एक पैसाही न घेता उतरायचं ठरवलं, सगळं तिकिटातच आहे म्हणून. ऊन लागलं, पाणी विकत घेता येईना. शेवटी तिने पाण्याच्या बाटलीसाठी कानातलं काढून दिलं. आणि एक गृहस्थ पाचशे डॉलर बदलून उतरले ते तीन गालिचे घेऊन आले. "केबिनीत गालिचे मावले, तो मावेना. मला विचारतो, स्मेल, मी कुठं झोपू?" इस्माईलचं तिकडे स्मेल झालं होतं. स्मेल म्हणजे वास, हे कळायला चाचांना वर्ष लागलं आणि मग त्यांनी ते तसंच राहू दिलं.

उरलेली नाणी हा त्यांचा आवडता विषय. नोटा परत बदलून मिळतात, नाणी कुणी घेत नाही. म्हणून शेवटच्या दिवशी प्रवासी नाणी स्टुअर्डाला देऊन टाकत आणि वर उपकार केल्यासारखे हसत. चाचांनी अशी किलोभर नाणी घरी आणली होती. चाचींनी ती पडद्यांच्या खालच्या शिलाईत शिवून टाकली. आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने पडदे छपराला लागत, त्यांचे खाली ताठ राहत. वारा जोरात आला की भिंतीवर टकटक वाजत.

२००२ साली आमच्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक चाचांकडे आले. मुलीने अमेरिकेहून आईवडिलांना जहाजाच्या सहलीची तिकिटं पाठवली होती. मीच त्यांना घेऊन गेलो. चाचा त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. समोर डायरी. सरांची पाच बंदरं त्यांनी एकामागून एक घेतली. इथे वीस डॉलरचे बदला, इथे काहीच नको, इथे सुटे हवेत, मोठी नोट दिली तर बाकी परत येत नाही.

सर म्हणाले, "पण कार्ड आहे की माझ्याकडे. मुलीने दिलंय."

"सर, कार्ड गाढवाला दाखवाल?"

"म्हणजे?"

"डोंगरावर देऊळ असतं, वर जायला गाढव असतं. गाढववाला, नारळवाला, संडासवाली. या तिघांना कार्ड चालत नाय. आणि माणूस अडतो तो या तिघांपाशीच."

सर खूप हसले. मग त्यांनी वहीत लिहून घेतलेलं परत वाचलं. "जायचं भाडं, यायचं भाडं, चहा, आणि चूक पन्नास डॉलर. आता बघा इस्माईलभाई, पहिली तीन समजली. पन्नास डॉलर ही मोठी रक्कम आहे. कसली चूक?"

चाचांनी डायरी मिटली. पाय जुळवलेले तसेच. आतून चाचींचा आवाज आला, स्पष्ट, "चूक नाय झाली कुणाची. पोरगा पळाला."

"पळाला नाय," चाचा म्हणाले.

सर उठले, नमस्कार करून गेले. मी बसून राहिलो. मग चाचांनी मला सांगितलं.

अन्वर हा त्यांचा एकुलता एक मुलगा. चाचांच्याच शब्दाने जहाजावर लागला, वय तेवीस. जाताना चाचांनी त्याला तीनच खाती सांगितली होती. जायचं, यायचं, चहा. दहा डॉलरच्या वर किनाऱ्यावर न्यायचे नाहीत, बाकीचे घरी पाठवायचे. १९९८च्या उन्हाळ्यात तुर्कस्तानातल्या एका बंदरात अन्वर आणि त्याच्या केबिनीतला शशिकांत, हा आपल्या संगमेश्वरकडचा, दुपारी उतरले. वीसेक किलोमीटरवरच्या गावात बसने गेले. चहा प्याले, अन्वरने आईसाठी रुमाल घेतला. तीन वाजता शशिकांत परतीच्या बसमध्ये चढला. अन्वर चौकातल्या बाकावर बसला होता. म्हणाला, "तू हो पुढे. पुढच्या गाडीने येतो." पुढची गाडी आलीच नाही म्हणतात. पाच वाजता जहाज सुटलं. कंपनीने कागदावर 'पळून गेला' असं लिहिलं आणि त्याची बॅग शशिकांतबरोबर पाठवून दिली. त्यानंतर ना पत्र, ना फोन.

चाचांच्या मते काय झालं ते उघड होतं. बस आली नाही, टॅक्सी करायला पोराकडे पैसे नव्हते, जहाज गेलं. मग परक्या मुलखात, बिनकागदाचा, तो कुणाच्या हाती लागला आणि त्याचं काय झालं, ते बोलायचं नाही. "माझे दहा डॉलर," ते म्हणायचे. "माझा हिशेब." चौथं खातं त्यांनी त्यानंतर उघडलं होतं.

चाचींना हे मान्य नव्हतं. त्या म्हणत, पोराला जहाजावर कंटाळा आला होता, पत्रात लिहायचा. पळाला. कुठंतरी आहे. दोघं एका घरात, एका ताटातली भाकरी मोडून खात होते आणि चार वर्षं त्या एका दुपारबद्दल दोन मतं धरून बसले होते. त्याचे पैसे कमी पडले असतील तर पोरगा सच्चा आणि बहुधा मेलेला. पळाला असेल तर आईबापाला टाकून गेलेला, पण जिवंत. चाचांना सच्चा हवा होता. चाचींना जिवंत.

चाचांनी डायरीचं एक पान माझ्यापुढे धरलं. "तुम्ही आकड्यातली माणसं. तपासा एकदा. किती कमी पडले पोराला? मला नक्की पाहिजे."

मी नको म्हणायला हवं होतं. पण पान समोर आलं की मी वाचतो.

दहा डॉलरचे सव्वीस लाख लिरा. तिकडे तेव्हा शून्यांना किंमत नव्हती. शशिकांत सांगत होता म्हणे की दोघं लखपती झालो म्हणून हसत उतरले. बसला एक लाख. दोघांच्या चहाचे दोन लाख. रुमाल चार लाख. शिल्लक एकोणीस लाख. बंदरापर्यंत टॅक्सी, दीड कोटी. कमी पडले एक कोटी एकतीस लाख. शेवटी चाचांनी त्याचे डॉलर केले होते: पन्नास.

पन्नास कुठून आले ते मला तीन वर्षांनी कळलं.

वजाबाकी बरोबर होती. पण मला एक गोष्ट खटकली. "चाचा, बसला एक लाख आणि टॅक्सीला दीड कोटी? दीडशे पट? आपल्याकडे रिक्षा शहरबसच्या पंधरा पट घेते फार तर."

"परदेश आहे तो. नॉर्वेत पन्नास डॉलरात टॅक्सीचं दारसुद्धा उघडत नाय."

"तुम्ही त्या बंदरात उतरला होतात?"

"तुर्कस्तानची लाईन मला कधी मिळालीच नाय."

"मग हा दीड कोटीचा आकडा कुठला?"

"अन्वरच्या बॅगेतल्या कागदावरचा. त्या दिवशीचा छापील. बॅग आली त्या दिवशी उतरवून घेतला. मग हिने बॅगेला कुलूप लावलं."

"मला मूळ कागद दाखवा," मी म्हणालो. नकलेवर सही करायची नाही हे मी नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकलो होतो.

चाचींनी पदराची किल्ली काढून बॅग उघडली. कपड्यांच्या घड्या तशाच होत्या. कागद तळाला होता. मी तो खिडकीपाशी नेऊन वाचला. गावातून बंदरापर्यंत टॅक्सी, सुमारे १,५००,०००.

मी डायरी शेजारी धरली. तिच्यात चाचांच्या स्वच्छ अक्षरात १,५०,००,०००.

त्यांच्याकडे स्वल्पविराम तीन तीन आकड्यांनी पडतो, आपल्याकडे दोन दोन. उतरवून घेताना डोळ्यांत पाणी असेल, हाताला वळण शाळेतलं. एक शून्य वाढलं होतं. टॅक्सी दीड कोटी नव्हती, पंधरा लाख होती.

"चाचा," मी म्हणालो, "पैसे होते. एकोणीस लाख होते, पंधरा लागत होते. वर चार उरत होते."

खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंदच झाला होता. चूक सापडल्याचा आनंद. चाचांच्या डोक्यावरचं ओझं उतरवतो आहे असंही वाटलं.

चाचींनी दोन्ही हात तोंडावर नेले. "मी सांगत होते," त्या म्हणाल्या. "मी सांगत होते की नाय? पळाला माझा पोर. हाय तो." आणि तशाच चुलीकडे गेल्या. थोड्या वेळात रवा भाजल्याचा वास आला. त्यांनी शिरा केला आणि एक वाटी आमच्या घरी पाठवली. चार वर्षांत त्या घरात गोड झालं नव्हतं, असं ही मला नंतर म्हणाली.

मी घाईघाईने सांगू लागलो की हिशेब एवढंच दाखवतो, पैसे होते. टॅक्सी मिळाली की नाही, पैसे कुणी काढून घेतले की काय, हे आकडे सांगत नाहीत. मी ते दोनदा सांगितलं. कुणी ऐकलं नाही. चाचा त्या छापील कागदावर बोट ठेवून शून्यं मोजत होते. मोजून झाली की पुन्हा पहिल्यापासून.

"मग आला का नाय?" ते शेवटी म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, कागदाकडे बघून.

त्या दिवसापासून चाचींनी वाट बघायला सुरुवात केली. आधी त्या नुसतं म्हणत असत. आता पुरावा होता. फोनचं कनेक्शन घेतलं. फोन बैठकीत न ठेवता चुलीच्या भिंतीला ठेवला, म्हणजे भाकरी थापतानाही ऐकू यावा. वारा सुटून पडद्यांतली नाणी भिंतीवर वाजली तरी त्या वळून फोनकडे बघत. मला विचारायच्या, "तिकडं किती वाजले असतील आता?" मी सांगायचो, साडेतीन तास वजा करा. उन्हाळ्यात हिशेब बदलतो हेही सांगायचो. दोन वर्षं त्या रोज वजाबाकी करत राहिल्या. फोन आला तो बहुतेक चुकीच्या नंबरचा. २००४च्या पावसाळ्यानंतर त्या गेल्या. बॅगेची किल्ली पदरालाच होती.

चाचा किनाऱ्यावर जातच राहिले. पण फाटकाशी ओरडणं थांबलं. मी ओट्यावर गेलो की चहा दोन्ही हातांनी मिळायचा, पैशाच्या गोष्टी मिळायच्या नाहीत. मी एकदा म्हणालो, "चाचा, मी तो कागद मागायला नको होता." ते म्हणाले, "आकडा बरोबर आहे ना?" मी म्हणालो, "आहे." "मग झालं." मी तो हिशेब नंतरही पुष्कळदा करून पाहिला आहे. बरोबर आहे.

२००५च्या सुरुवातीला पेपरात एक लहानशी बातमी होती. तुर्कस्तानने आपल्या चलनातली सहा शून्यं काढून टाकली. मी पेपर घडी करून दप्तरात घातला, ओट्यावर नेला नाही. त्यानंतर काही दिवसांनी चाचा मला एस. टी. स्टँडवर भेटले. मी कचेरीतून एका कामासाठी तिकडे गेलो होतो. ते पावसच्या गाडीसाठी बाकावर बसले होते. पावसला त्यांची बहीण असे.

"बातमी वाचलीत?" त्यांनीच विचारलं.

"वाचली."

"दीड लिरा," चाचा म्हणाले. "पंधरा लाखाचे आता दीड. दीड लिऱ्यात पोरगा घरी आला असता."

मी नेहमीचंच विचारलं, "किती घेतलेत बरोबर?"

त्यांनी मूठ उघडली. जायचे अकरा, यायचे अकरा, चहाचे तीन. सुटे, मोजून.

"आणि चूक?"

"ती तुम्ही काढलीत ना, ऑडिटरसाहेब. वजा करून."

तेवढ्यात पावसची गाडी लागली. माणसं धावली, खिडकीतून रुमाल पडले, कंडक्टरने दोनदा घंटी दिली. चाचा उठले नाहीत. सत्तावीस वर्षांत एकदाही जहाज न चुकवलेला माणूस, पाय जुळवून बाकावर तसाच. गाडी मागे येऊन वळली आणि फाटकाबाहेर गेली.

"चाचा, गाडी गेली तुमची!"

"जाऊ दे."

"अहो, पण..."

त्यांनी मूठ पुन्हा उघडून माझ्यापुढे धरली. अकरा, अकरा, तीन.

"बघा," ते म्हणाले. "पैसे होते."